रान, वही आणि सभागृह : महानोरांच्या वाचनातील एक तुटलेपण

वाङ्मयाच्या अभ्यासात काही शब्द असे असतात, की ते एकदा चुकीच्या अर्थाने वाचले गेले म्हणजे त्यांच्यामागोमाग सगळे वाचनच आडवाटेला लागते. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) या पहिल्या संग्रहाच्या शीर्षकातील ‘रान’ हा असा एक शब्द आहे. नागर वाचकाला रान म्हटले की अरण्य दिसते. झाडी, पाखरे, ओढा आणि एकांत दिसतो. शेतकऱ्याच्या बोलीत रान म्हणजे शेत. माणसे सकाळी रानात जातात ती कामाला. रान नांगरून तापू द्यायचे असते, पाऊस झाला की ते भिजते, पीक निघाले की मोकळे होते, आणि बी-बियाण्याला पैसा जुळला नाही म्हणजे पडीकही राहते. या एका शब्दात श्रम, मालकी, कर्ज आणि हवामान यांचा सारा गुंता सामावलेला आहे. मराठी समीक्षेने तो गुंता बाजूला सारून त्यातला हिरवा रंग तेवढा उचलला आणि महानोरांना ‘निसर्गकवी’ ठरवून टाकले. पुढे ‘रानकवी’ ही उपाधी आली. तिच्यातही रानाचा अर्थ तोच राहिला.

हा केवळ एका बिरुदाचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या वाचनामुळे एका लेखकाचे तीन तुकडे झाले आणि ते तीन वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन पडले. कवी महानोर आधुनिक कवितेच्या अभ्यासपत्रिकेत आले. लोकगीते जमवणारे आणि त्या चालीत लिहिणारे महानोर लोकसाहित्याच्या पत्रिकेत, तेही ओझरते. विधान परिषदेत शेती आणि पाणी यांवर बोलणारे महानोर कोठल्याच पत्रिकेत आले नाहीत. त्यांचा उल्लेख परिचयाच्या शेवटच्या ओळीत, पुरस्कारांच्या शेजारी, होत राहिला. शेतकरी, लोकवाणीचा लेखक आणि ग्रामीण राजकारणातील कार्यकर्ता या तिन्ही भूमिका एका माणसाच्या जीवनक्रमात कशा जोडल्या गेल्या, एकीने दुसरीला काय दिले आणि काय हिरावून घेतले, हा प्रश्न त्यामुळे वाङ्मयीन प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही.

महानोरांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी पळसखेडे येथे झाला. हे गाव सोयगाव तालुक्यात, तत्कालीन औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या परिसरात आहे. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कागदोपत्री तो मराठवाडा; बोली, बाजार, सोयरीक आणि शिक्षण यांच्या दृष्टीने मात्र त्याचे तोंड खान्देशाकडे आहे. शेंदुर्णीची शाळा आणि जळगावचे महाविद्यालय या वाटेने गेलेला हा तरुण महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून शेतीकडे परतला. चरित्रकारांना या परतण्यात बहुधा त्यागाचा सूर ऐकू येतो. वस्तुतः कोरडवाहू गावातील गरीब घराच्या थोरल्या-धाकट्या मुलांपैकी अनेकांची शिक्षणे अशीच सुटली आहेत. त्यात अपवादात्मक काही असेल तर ते एवढेच, की हा मुलगा परतला तो कविता घेऊन, आणि त्याची कविता परतल्यावर थांबली नाही.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या संग्रहाने मराठी वाचक चकित झाला. मर्ढेकरांनंतरची नवकविता त्या वेळी महानगरी एकाकीपणाच्या, मोडलेल्या प्रतिमांच्या वाटेने बरीच पुढे गेली होती. अशा वेळी लयबद्ध, गाता येणारी, ऋतूंनी भारलेली कविता आली आणि थकलेल्या रसिकतेला ती विसाव्यासारखी वाटली. तिची संगती लावण्यासाठी जवळचे नाव होते बालकवींचे, तेही खान्देशचेच. बालकवींची वंशावळ महानोरांपर्यंत आणून पोहोचवली, की समीक्षेचे काम झाले असे मानले गेले.

या वंशावळीत एक मूलभूत अडचण आहे. बालकवींच्या सृष्टीत माणूस पाहणारा असतो. तिथे कोणी पेरीत नाही, खुरपीत नाही. महानोरांच्या कवितेतील सृष्टी माणसाने हात लावलेली आहे. तिच्यातील हिरवेपणा पिकाचा आहे, आणि पीक म्हणजे येत्या वर्षाची भाकर. आकाशाने भुईला दान द्यावे अशी त्यांची जी सर्वतोमुखी झालेली प्रार्थना आहे, ती निसर्गवर्णन म्हणून वाचता येत नाही. पेरणी करून बसलेल्या माणसाचे ते मागणे आहे. त्यातील आर्जव सुंदर आहे हे खरे. परंतु पाऊस आला नाही तर काय होईल हे ठाऊक असलेल्याच्या तोंडचे ते आर्जव आहे, ही गोष्ट त्या सौंदर्याचा भागच आहे. महानोरांच्या शृंगारिक कवितेबद्दलही हेच म्हणता येईल. शेत आणि स्त्रीदेह यांच्या परस्परांत मिसळणाऱ्या प्रतिमा कवीच्या खास कल्पकतेच्या खुणा म्हणून दाखवल्या जातात. कृषिसंस्कृतीत पेरणी आणि संभोग, पीक आणि संतती यांचे समीकरण विधींपासून शिव्यांपर्यंत सर्वत्र पसरलेले आहे. कवीचे श्रेय ते समीकरण शोधण्यात नसून, त्याचा रांगडा आणि विधिबद्ध रूपातला भार हलका करून त्याला व्यक्तिगत आर्ततेपर्यंत नेण्यात आहे.

‘रान’प्रमाणेच दुसऱ्या एका शीर्षकाबाबत घडले. ‘वही’ (१९७०) हे नाव वाचून कवीची टिपणवही डोळ्यांपुढे येणे साहजिक आहे. खान्देशात वही हा गाण्याचा प्रकार आहे. तिचे गायन समूहाचे, वाद्याच्या ठेक्यावर चालणारे आणि श्रोत्यांच्या दादेवर वाढणारे. कागदाची वही आणि गाण्याची वही या दोन अर्थांच्या मधोमध हे शीर्षक उभे आहे. लिहिता येणारा कवी आणि न लिहिता गाणारा गाव, या दोहोंचे नाते एका शब्दात सांगण्याची अशी सोय सहसा मिळत नाही. तरीही त्या शीर्षकाचा विचार फारसा झालेला नाही.

गावाच्या गाण्याशी महानोरांचे नाते कसे होते हे पाहण्यासाठी ‘पळसखेडची गाणी’ (१९८२) हा त्यांनी सिद्ध केलेला लोकगीतांचा संग्रह महत्त्वाचा आहे. मराठीत लोकगीतांच्या संकलनाला मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या, सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर हे काम चालवले. या परंपरेत संकलक बहुधा बाहेरून येतो किंवा बाहेर जाऊन परत येतो, ऐकतो, टिपतो आणि संग्रह नगराकडे घेऊन जातो. महानोरांना जायचे नव्हते आणि यायचेही नव्हते. शीर्षकात त्यांनी जनपदाचे किंवा जिल्ह्याचे नाव न घालता एका खेड्याचे घातले, यालाही अर्थ आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात ‘लोक’ हा शब्द इतका सैल वापरला जातो, की त्यात कोणाचाच चेहरा उरत नाही. येथे निदान गावाला नाव आहे.

परंतु येथेच एक अवघड प्रश्नही विचारावा लागतो. ओव्या आणि गाणी ही बहुतांशी बायकांची निर्मिती. ती जात्यावर, रानातल्या कामात, लग्नाच्या मांडवात जन्माला येतात. संग्रह मात्र मुद्रित होतो तो संकलकाच्या नावावर. हे गीत कोणाच्या तोंडचे, तिचे वय काय, माहेर कोणते, गाताना तिने काय बदलले, हे प्रश्न अशा प्रत्येक संग्रहाला विचारले पाहिजेत. आणि संकलक स्वतः समर्थ कवी असेल तर आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, की ऐकलेले कोठे संपते आणि कवीचा हात कोठे सुरू होतो. उलट दिशेनेही हाच शोध घ्यावा लागेल. महानोरांच्या स्वतंत्र कवितेत पळसखेडच्या अनामिक बायकांचे देणे किती आहे? या प्रश्नाने कवीचे मोठेपण उणावत नाही. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत मराठी समीक्षेने एकदा चूक केली आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा, आणि नंतर कितीतरी वर्षे, निरक्षर स्त्रीच्या तोंडून काव्य निघाले या चमत्काराचेच कौतुक होत राहिले. ती स्त्री कोणत्या मौखिक परंपरेत घडली, तिची रचनेची जाण कशी तयार झाली, याचा विचार मागे पडला. महानोरांना ‘मातीतून उगवलेला कवी’ म्हणताना तीच चूक थोड्या सुशिक्षित रीतीने पुन्हा होते. मातीतून ज्वारी उगवते. कविता करावी लागते.

याचा सर्वांत चांगला पुरावा त्यांच्या चित्रपटगीतांत आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी केलेल्या ‘जैत रे जैत’ची गीते महानोरांनी लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने ती घरोघरी पोहोचली. ही कथा कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची. अजिंठ्याच्या कोरड्या मुलुखातील शेतकऱ्याचा सह्याद्रीच्या त्या ओल्या अंगाशी आणि तेथील आदिवासी समाजाशी जन्मजात संबंध काहीच नव्हता. तरीही ती गाणी त्या डोंगराची वाटतात. ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटासाठी त्यांनी तमाशाच्या फडाची लावणी लिहिली, तीही अशीच परक्या परंपरेचा कान धरून. लोकवाणी ही त्यांच्याकडे जन्माने आलेली देणगी असती तर ती पळसखेडच्या शिवेबाहेर गेली नसती. ती कमावलेली विद्या होती, आणि म्हणूनच ती एका लोकसमूहाकडून दुसऱ्याकडे नेता आली. चित्रपटगीतांना विद्यापीठीय अभ्यासात आजही संकोचानेच जागा मिळते. महानोरांच्या रचनाकौशल्याची चर्चा अपुरी राहिली ती काही अंशी या संकोचामुळे.

आता त्यांच्या सार्वजनिक जीवनाकडे वळावयाचे. १९७८ मध्ये महानोर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेवर गेले. पुढे पुन्हा एकदा त्यांना ही संधी मिळाली. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत आणि त्यांपैकी १२ जागांवर राज्यपाल नियुक्त्या करतात. घटनेच्या १७१व्या अनुच्छेदात या नियुक्त्यांसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी क्षेत्रे सांगितली आहेत. महानोरांपूर्वी ग. दि. माडगूळकरांनीही या सभागृहात काम केले होते. साहित्याच्या खात्यावर आलेल्या सदस्याने भाषा, ग्रंथालये, रंगभूमी यांविषयी अधूनमधून बोलावे आणि एरव्ही सभागृहाची शोभा वाढवावी, अशी एक अलिखित अपेक्षा असते. महानोर साहित्याच्या खात्यावर आले आणि पाण्याविषयी बोलले. मृद्संधारण, लहान बंधारे, कोरडवाहू शेती, फळझाडे आणि रोजगार हमीची कामे हे त्यांच्या आस्थेचे विषय राहिले.

यामागे १९७२चा दुष्काळ होता हे विसरता येणार नाही. त्या वर्षांत मराठवाड्यातील आणि खान्देशातील लक्षावधी शेतकरी स्वतःचे रान सोडून खडी फोडायला आणि तलावांची माती वाहायला गेले. रोजगार हमीची योजना त्या काळाने रुजवली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व थोर होते. परंतु कामातून गावात काय उभे राहते, हा प्रश्न गावकऱ्यालाच सुचू शकतो. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिलेले ज्याने पाहिले, त्याला तीच मजुरी स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या झाडाच्या खड्ड्यासाठी का मिळू नये असे वाटणारच. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना आणली. हिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत महानोर होते, आणि पळसखेड्याच्या आपल्या शेतात पाणी अडवण्याचे व फळबागांचे प्रयोग करून मग ते बोलत होते. शासनाने त्यांना कृषिभूषण केले आणि १९९१ मध्ये पद्मश्रीही मिळाली. अशा सन्मानांच्या यादीत शेतीचा आणि कवितेचा सन्मान एकाच नावापुढे येणे मराठीत विरळा.

हे सारे कर्तृत्व मान्य करूनही कोणी म्हणेल, की त्याचा वाङ्मयाशी संबंध काय? या आक्षेपाचे उत्तर मराठी विभागांच्या अभ्यासक्रमातच आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ आज मराठी गद्याचा मानदंड म्हणून शिकवला जातो. जोतीराव फुल्यांनी त्यात शेतकऱ्याच्या लुटीचे जे भेदक चित्र काढले ते वर्गात वाचले जाते. परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात फुल्यांनी सरकारला उपायही सुचवले आहेत. फौजेतील आणि पोलीस खात्यातील रिकाम्या मनुष्यबळाकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरावे, तळी-तलाव बांधावेत, असे त्या सूचनांचे स्वरूप आहे. शंभर वर्षांनंतर विधान परिषदेत मृद्संधारणावर होणारे भाषण याच परंपरेतले आहे. पुढे १९१० पासून मुकुंदराव पाटील यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवले, तेव्हा अग्रलेख, खंडकाव्य आणि कादंबरी हे त्यांच्या दृष्टीने एकाच कामाचे प्रकार होते. शेतकऱ्याच्या लेखनपरंपरेत साहित्य आणि राज्यकारभाराविषयीचे बोलणे यांत भिंत नव्हती. ती नंतर विद्यापीठांनी घातली. विधिमंडळाचे कामकाज मुद्रित स्वरूपात उपलब्ध असते. मराठी गद्याचा अभ्यासक ते उघडून पाहत नाही, कारण ते आपल्या विषयाचे नाही असे त्याला शिकवलेले असते.

मात्र ही परंपरा दाखवून थांबणे महानोरांवर अन्याय करणारे होईल, कारण ती त्यांना अडचणीतही आणते. फुल्यांचा ग्रंथ असूड आहे. मुकुंदरावांचे पत्र कोणाच्या कृपेवर चालत नव्हते. महानोर सभागृहात गेले ते नियुक्तीने. त्यांना मते मागावी लागली नाहीत, तसा पराभवही पत्करावा लागला नाही. यशवंतराव चव्हाण आणि शरद पवार या नेत्यांशी त्यांचा निकटचा स्नेह होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. ‘शरद पवार आणि मी’ असे पुस्तकच त्यांनी लिहिले. साहित्यविश्वात याबद्दल कुजबुज बरीच झाली. सत्तेजवळ गेलेल्या कवीविषयी बोलताना मराठी साहित्यिकाला जो नैतिक उत्साह चढतो, तो साहित्य संस्थांच्या अनुदानाचा विषय निघाला म्हणजे कोठे जातो हे कळत नाही. ज्याच्या गावाला पाणी हवे आहे त्याने पाणी देऊ शकणाऱ्याकडे जाऊ नये, हा सल्ला नळाजवळ बसून देणे सोपे असते. तेव्हा स्नेह होता की नव्हता, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्या स्नेहाने लेखनाच्या स्वरात काय घडवले, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना १९८० हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे लागते. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्या वर्षी महाराष्ट्र हलवून सोडला. संघटनेचे म्हणणे होते, की शेतकऱ्याचे दारिद्र्य उत्पादन कमी म्हणून नाही, भाव पाडले जातात म्हणून आहे. उत्पादन खर्चावर आधारलेला भाव मिळाला तर बाकीचे शेतकरी स्वतः पाहून घेईल. महानोरांच्या विचाराचा केंद्रबिंदू पाणी हा होता. एकाच्या दृष्टीने शेतकरी लुटला जातो, दुसऱ्याच्या दृष्टीने तो वंचित राहतो. लुटलेल्याने परत मागायचे असते, वंचिताने द्यावे म्हणून सांगायचे असते. या दोन निदानांतून दोन भाषा जन्माला येतात, आणि येथे राजकारण सरळ कवितेच्या रूपात शिरते.

महानोरांच्या कवितेचा मूळ पवित्रा प्रार्थनेचा आहे. १९९० च्या त्यांच्या संग्रहाचे नावच ‘प्रार्थना दयाघना’ आहे. प्रार्थनेत देणारा गृहीत असतो. तो देईल की नाही एवढाच प्रश्न असतो, त्याला देण्याचा अधिकार कोठून आला हा प्रश्न तिथे नसतो. नियुक्त सदस्याच्या भाषणाचा पवित्राही याहून फार वेगळा असू शकत नाही. तोही देऊ शकणाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडतो. कवितेत आकाश, सभागृहात शासन. मागणाऱ्याची जागा तीच. महानोरांचे राजकारण त्यांच्या कवितेला बाहेरून चिकटलेले नाही, ते त्याच वृत्तीचे दुसरे रूप आहे, असे म्हणावयास हवे. या वृत्तीचे बळ मोठे होते. तिने शेतकऱ्याच्या गरजेला लाचारीचा स्पर्श होऊ न देता सुंदर शब्द दिला, आणि सभागृहात ऐकणाऱ्याला ऐकणे भाग पडेल असा सच्चेपणा दिला. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. महानोरांच्या कवितेत पाऊस रुसतो, पण बाजार फसवतो असे क्वचितच घडते. सावकार, अडत्या, बँक, भाव ही शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातील पात्रे त्या गीतसृष्टीच्या उंबऱ्याबाहेर राहतात. ‘गपसप’, ‘गावातल्या गोष्टी’ यांसारख्या गद्यात गाव अधिक मोकळे बोलते. कवितेने मात्र आपले दार निवडकांसाठीच उघडले.

ज्याला ही मर्यादा म्हणून सांगायचे, त्याने पुढचाही भाग वाचला पाहिजे. १९९७ मध्ये ‘पानझड’ प्रसिद्ध झाला आणि २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘रानातल्या कविता’ ते ‘पानझड’ हे अंतर तीस वर्षांचे. पहिल्या शीर्षकातील भरलेले रान आणि या शीर्षकातील उघडे पडत चाललेले झाड, यांच्यामध्ये दुष्काळ आहे, सभागृह आहे, योजनांचे यश आणि अपयश आहे. याच दशकाच्या उत्तरार्धापासून मराठवाड्यातून आणि विदर्भातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. आयुष्यभर पाणी आणि झाडे यांविषयी बोललेल्या माणसापुढे हा एक क्रूर पेच होता. जिथे विहीर झाली, बाग लागली, तिथेही माणसे मरत होती. म्हणजे निदानात काही राहून गेले होते. पुढे महानोरांनी ‘शेती, आत्मनाश व संजीवन’ या नावाने पुस्तक लिहिले. त्या शीर्षकातील तीन शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. शेती आणि संजीवन यांच्यामध्ये आत्मनाश आला आहे, आणि त्याला ओलांडल्याशिवाय तिसऱ्या शब्दापर्यंत जाता येत नाही. प्रार्थनेच्या भाषेला असा शब्द पूर्वी कधी उच्चारावा लागला नव्हता.

‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घ काव्याचा विचारही या संदर्भात नव्याने करता येईल. मेजर रॉबर्ट गिल हा लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेला इंग्रज अधिकारी आणि पारो ही तेथील स्त्री, यांच्या प्रेमाची ती कथा. ती रम्य प्रेमकथा म्हणून वाचली गेली. परंतु गिलची नोंद सरकारी दप्तरात आणि कलेच्या इतिहासात आहे, पारोची आठवण डोंगरातल्या लोकांजवळ आहे. दप्तर आणि लोकस्मृती यांपैकी कवीने कोणाचा हात धरला हे उघड आहे. आणि तो कवी तेव्हा शासनाच्या दप्तरांशी रोज झुंजणाऱ्या सभागृहाच्या कामातून येत होता, हेही.

३ ऑगस्ट २०२३ रोजी महानोरांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले त्यात ‘रानकवी’ हा शब्द सर्वांत अधिक वेळा आला. मराठी विभागांतील अध्यापकांनी आता निदान एवढे करावे, की पदव्युत्तर वर्गातील ‘महानोरांच्या कवितेतील निसर्गचित्रण’ हा झिजलेला प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा. त्याच्या जागी विद्यार्थ्याला दोन मजकूर शेजारी ठेवून वाचायला द्यावेत : पहिल्या संग्रहातील पावसाच्या मागणीची एखादी कविता, आणि विधान परिषदेच्या कामकाजातील त्यांचे पाण्यावरचे एखादे भाषण. मागणारा कोण, कोणाकडे मागतो, कोणत्या शब्दांत मागतो आणि न मिळाल्यास काय म्हणतो, हे त्याने दोन्ही ठिकाणी शोधावे. तिसरा मजकूर ‘पळसखेडची गाणी’मधला असावा. त्यातल्या जात्यावर बसलेल्या बाईचे ऐकणारे ना आकाश असते ना शासन. ती आपले सांगणे दगडाला सांगते, आणि तिच्याजवळून हे शिकलेल्या शेतकऱ्याने ते पुढे सभागृहापर्यंत नेले की वाटेत कोठे ठेवले, याचा शोध अजून कोणी घेतलेला नाही.